कॅरमची पावडर

शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९८४

ही डायरी दाजींना एका टायरच्या दुकानदाराने नव्या वर्षाची दिली होती. महिनाभर त्यांच्या उशाशी पडून होती. आज त्यांनी ती माझ्या गादीवर टाकली. म्हणाले, "घे. रोज चार ओळी लिही. तेवढ्यापुरतं तरी बूड टेकशील."

जानेवारीची पानं कोरी आहेत. असू देत. जानेवारीभर मी कामाच्या परमिटसाठी रांगांतच उभा होतो. रक्ताची रांग, अंगठ्याची रांग, फोटोची रांग. फोटोवाल्याकडे पिंजऱ्यात एक पोपट आहे आणि तो अरबीत शिव्या देतो असं कळलं. म्हणून दुसऱ्या दिवशी काम नसताना पुन्हा गेलो. पोपट गप्प. मी पाऊण तास थांबलो.

हां, तर दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. पोपटराव ढवळे, एसी मेकॅनिक. सहा वर्षं इथं आखातात आहेत, नजमा नावाच्या वस्तीतल्या याच खोलीत. एका मोठ्या ट्रेनिंग इन्स्टिट्यूटचं मेंटेनन्सचं काम आमच्या कंपनीकडे आहे, तिथं ते जातात. मी दहावीला दोनदा बसलो. मग मिरजेला लॉजवर कामाला राहिलो, ट्रकवर क्लीनर झालो, तंबूतल्या सिनेमाची तिकिटं फाडली. कुठंच टिकलो नाही. शेवटी दाजींनी मला हेल्पर म्हणून आणलं. सुपरवायझर नसरुद्दीनसाहेबांपुढे म्हणाले, "साब, लडका मेरी गॅरंटी पर है." साहेब हैदराबादचे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "गॅरंटी तो पंखे की भी एक साल की होती, पोपट भाई."

आज सुट्टी. दुपारी कॅरम. दाजी, मी आणि खोलीतला तिसरा माणूस, बाजीराव ड्रायव्हर. दाजी बोरिक पावडरीचा डबा उघडतात, दोन बोटांची चिमूट घेतात, चोळून बघतात आणि अंगारा टाकावा तशी बोर्डावर टाकतात. मग स्ट्रायकर असा पळतो की बास. आज राणी मी घेतली, कव्हरसकट. बाजीराव म्हणाले, "ह्या एकाच गोष्टीत पोरगं पास हाय."

शुक्रवार, १० फेब्रुवारी

अक्काची कॅसेट आली. बाजीरावांच्या गावचा एक जण घेऊन आला, लोणच्याच्या बरणीबरोबर. कॅसेटलाही लोणच्याचा वास.

दाजी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसतात आणि ती तीनदा ऐकतात. अक्काच्या आवाजामागे कोंबडी ओरडत होती. मी लगेच ओळखली, आमची तुरेवालीच. म्हणजे अजून जिवंत आहे! मग शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फटफटला. तोही ओळखला. करमाळ्यात बसल्यासारखं वाटलं. अक्का काय काय सांगत होती. पोरगी टेपला बाबा म्हणते, टेपला घास भरवायला जाते. आणि मग म्हणाली, "फोरमनचं झालं तर मला न्या, न्हाई झालं तर ऱ्हाते मी. पण माझ्या माह्याला तेवढं सांभाळा. त्याला तिथनं लावून देऊ नका. आता परत आला तर तो कुठं जाईल त्याचा ठाव लागायचा न्हाई मला."

माह्या म्हणजे मी, महिपती. दाजींनी तेवढाच भाग चौथ्यांदा लावला. मला वाटतं कोंबडीसाठी.

फोरमनचं असं आहे की दाजींचं नाव यादीत आहे. फोरमन झाले की कंपनी फॅमिली क्वार्टर देते आणि अक्काच्या व्हिसाचा कागद काढते. मार्चअखेर कळेल. नसरुद्दीनसाहेब म्हणालेत, "इन्शाल्ला, बस तब तक कोई कंप्लेंट नहीं आनी चाहिए."

मंगळवार, १४ फेब्रुवारी

आज मला विद्यार्थ्यांच्या हॉलमध्ये फिल्टर धुवायला पाठवलं. हॉल म्हणजे काय! मधोमध एक टेबल, आमच्या खोलीएवढं. वर हिरवं कापड ताणलेलं, सहा भोकं, भोकांना जाळ्या. तीन चेंडू, दोन पांढरे, एक लाल. पाचसहा पोरं लांब काठ्या घेऊन उभी. मी शिडीवर चढलो आणि फिल्टर हातात घेऊन बघतच राहिलो. टेबलाच्या बरोबर डोक्यावर एसीची जाळी आहे, तिथून जसं दिसतं तसं खालून दिसत नसेल.

कॅरमच आहे हो हे. मोठ्या माणसांचं कॅरम.

एक पोरगा लाल चेंडू समोरच्या भोकात घालायला धडपडत होता. वरून स्पष्ट दिसत होतं, भिंतीला लावून उलटा आणला की जातो. राहवेना. "अरे, रिबाउंड घे ना!" चक्क मराठीत ओरडलो. तो वर बघून म्हणाला, "व्हॉट? तू महाराष्ट्राचा?"

त्याचं नाव जहूर. घरचे रत्नागिरीचे, वडील इथं एका ट्रेडिंग कंपनीत क्लार्क. अल हिलाल भागात फ्लॅट आहे. त्याला मराठी कळतं पण बोलताना इंग्रजीत पळतो. म्हणाला, "कम डाउन ना, दाखव."

मी उतरलो. आधी बोटानेच मारायला गेलो. सगळे हसले. मग काठी धरली. चेंडू भिंतीला गेला, परत आला, लाल आत.

कुणी हसलं नाही.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

त्यांचा बिलियर्ड्सचा क्लब आहे. क्लब म्हणजे फी नाही, मीटिंग नाही. मंगळवार-गुरुवारी दुपारचे तास संपले की ज्याला वाटेल त्याने यायचं. जहूर म्हणाला, "जॉइन कर." मी म्हणालो, मी हेल्पर आहे, आम्हाला काम झालं की हॉलमध्ये थांबायचीसुद्धा परवानगी नाही. "सो व्हॉट? हा युनिफॉर्म काढ फक्त."

आज बाजीरावांचा रेघारेघांचा शर्ट हत्यारांच्या पिशवीत घालून नेला. बाथरूममध्ये बदलला. जहूरने सगळ्यांना सांगितलं, "माय कझिन, माही. इव्हिनिंग कोर्स." म्हणजे महिपतीचा माही झाला. आणि मी कोणता कोर्स करतो हे मलाच माहीत नाही. उस्मान म्हणून एक उंच सुदानी पोरगा आहे, त्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "एअर." त्याला वाटलं विमानाचं. त्याने माझ्याशी दोन्ही हातांनी हात मिळवला.

हे दाजींना सांगायला पाहिजे. आज सांगणार होतो. पण ते आले तेच वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पडद्याचं कापड घेऊन. निळं, त्यावर पिवळी फुलं. आमच्या खोलीची खिडकी भिंतीवर उघडते. मी म्हणालो, "दाजी, ह्याला पडदा कशाला?" ते म्हणाले, "ह्याला न्हाई." आणि कापड ट्रंकेत तळाशी ठेवलं.

मंगळवार, ६ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. मध्ये एकदा बंदरावर जुनी लाकडी जहाजं बघायला गेलो आणि बस चुकून भलतीकडेच जाऊन आलो. ते असो.

क्लबात मी आता पहिल्या दोघांत आहे. मी काठी उचलली की पोरं बाजूला होतात. आयुष्यात असं पहिल्यांदाच. लॉजवर मी चादरी नेल्या तरी कुणी वर बघायचं नाही. इथं जहूर म्हणतो, "गिव्ह माही सम स्पेस." मी एका फटक्यात दोन्ही चेंडूंना शिवलो की उस्मान टाळी देतो आणि कोपऱ्यातून माझ्यासाठी पेप्सी आणतो.

काम राहतं. मंगळवारचे फिल्टर मी बुधवारी धुतो आणि बुधवारचे राहतात. दाजी विचारत नाहीत. काल बघितलं तर माझे राहिलेले फिल्टर कुणीतरी धुऊन उन्हात लावले होते. नशीब.

आज खेळ संपताना ठरवलं, पुरे, आता यायचं नाही. दाजींचं नाव यादीत आहे, मला कुणी ओळखलं तर त्यांच्या गॅरंटीचं काय? पक्कं ठरवलं. एवढ्यात जहूर म्हणाला, २२ तारखेला शिक्षकांबरोबर मॅच आहे आणि मी आहे टीममध्ये.

गुरुवार, १५ मार्च

दमट हवा सुरू झाली. टेबल जड झालंय. चेंडू अर्ध्यात दमतो. जहूर वैतागून म्हणाला, "टेबल इज सो स्लो, यार. आपण हरणार."

उस्मानने खिशातून टाल्कमचा छोटा डबा काढला आणि तळहाताला लावला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, काठी सुळकन सरकते.

म्हणजे पावडर चालते इथं! मग हे लोक टेबलाला का लावत नाहीत? माहीतच नसणार. मी कुणाला बोललो नाही. मॅचच्या आधी लावून ठेवायची आणि चेंडू पळायला लागला की मग सांगायचं, हे आमचं करमाळ्याचं औषध.

मंगळवार, २० मार्च

मोठा घोळ झालाय. तरी लिहितो, दुसरं काय करू.

दुपारी सगळे नमाजाला आणि जेवायला गेलेले. हॉलमधलं फिल्टरचं काम माझ्याकडेच होतं. शिडी लावली, वरची जाळी काढली, फिल्टर काढला, सगळं नियमाने. मग खाली उतरून पिशवीतून दाजींचा डबा काढला. कॅरमला चिमूट लागते, पण हे टेबल आठ कॅरमांएवढं. अख्खा डबा ओतला. तळहाताने गोल गोल चोळला. लाल चेंडू ठेवला आणि हळूच मारला.

दोन हात गेला आणि रुतला. मागे धुळीतून गाडी गेल्यासारखी चाकोरी.

कॅरमचं लाकूड असतं आणि हे कापड आहे, हे माझ्या टाळक्यात तेव्हा आलं. फुंकर मारली, पावडर अजून आत बसली. हाताने झटकली, पांढरे फराटे उठले. मग मी ते केलं जे करायला नको होतं. फिल्टर पुसायचं फडकं ओलं करून आणलं आणि पुसायला लागलो. खीर झाली. पुसेल तसं कापड काळं पडत गेलं, मधे फुगा आला, फुगा दाबला की बाजूला सुरकुती.

दाराशी पावलं वाजली. मी शिडीवर चढलो. डोकं चाललं म्हणून नाही, पळायला तेवढीच जागा होती.

हॉलचे इन्चार्ज होते, इजिप्तचे. ते तास संपायच्या आधीच घरी जातात, माहीला त्यांनी कधी बघितलेलं नाही. त्यांनी टेबल बघितलं. मग सावकाश वर बघितलं. एसीची हवा जिच्यातून येते ती उघडी डक्ट, हातात फिल्टर घेतलेला मी, आणि बरोबर खाली पांढरा राडा.

ते अरबीत ओरडायला लागले. मला अरबी येत नाही, याचं त्या वेळी फार बरं वाटलं.

बुधवार, २१ मार्च

आज सकाळी सगळे हॉलमध्ये. इन्चार्ज, नसरुद्दीनसाहेब, दाजी, मी. कोपऱ्यात जहूर आणि उस्मान.

इन्चार्जचं म्हणणं, डक्टमधून चुना पडला, त्यावर वरून पाणी गळलं. कापड बदलावं लागेल, ते इथं मिळत नाही, मॅच खलास, प्रिन्सिपॉल भडकलेत. नसरुद्दीनसाहेबांनी विचारलं, "ये डक्ट किसने साफ की थी?" ती डक्ट जानेवारीत दाजींनी स्वतः साफ केलेली. त्यांच्या कामाची साहेब दुसऱ्यांना उदाहरणं देतात.

"साब, मेरा डक्ट साफ है," दाजी म्हणाले. शिडीवर चढले, खांद्यापर्यंत हात आत घातला. हात बाहेर आला तो तांबूस. वाळूची धूळ, इथं सगळीकडे असते तीच. पांढरा कण नाही. त्यांनी हात साहेबांना दाखवला. साहेबांचा चेहरा जरा सैल झाला.

मग दाजी खाली उतरले आणि टेबलाच्या कडेची, कोरडी राहिलेली, दोन बोटांची चिमूट उचलली. चोळली. पुन्हा चोळली.

मी जहूरकडे बघितलं. त्याने मान फिरवली.

दाजींनी बोटं पँटला पुसली. "हां साब," म्हणाले. "डक्ट से ही गिरा. अंदर का पॅकिंग सड गया होगा. मेरी गलती."

"अभी तो बोल रहे थे साफ है!"

"गलती हो गई, साब."

"पोपट भाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "लिस्ट कल जा रही है. मालूम है ना?"

"मालूम है, साब."

मला वाटतं दाजींना पावडर ओळखू आली नाही. ओळखली असती तर ते असं कशाला म्हणतील? पण मग हात तर तांबडा निघाला होता. मला काही समजत नाही. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात दाजी म्हणाले, "महिपती, शिडी उचल."

मी शिडी उचलली.

शनिवार, २४ मार्च

यादीत दाजींचं नाव नाही.

मी साहेबांच्या केबिनकडे गेलो. दारात उभं राहून मनात वाक्य जुळवत होतो, साब वो पावडर मेरा था. मग पुढचं दिसायला लागलं. तू हॉलमध्ये खेळत होतास? विद्यार्थी म्हणून? कुणाच्या गॅरंटीवर आलास? म्हणजे मीही कॅन्सल आणि दाजीही कॅन्सल. आणि न बोलावं तर अक्का तिकडे आणि हे इकडे. कुठूनही गेलं तरी भिंतच.

साहेबांनीच हाक मारली. "क्या है? अच्छा, तुम. तुम्हारे जीजा ने हाथ जोडे मेरे सामने. अपने लिए नहीं. बोले, लडके को हॉल से हटाओ, वर्कशॉप में डालो, मेरी नजर के सामने. कल से वर्कशॉप. यल्ला, जाओ."

दाजींनी मला हॉलमधून का काढावं? त्यांना तर काहीच माहीत नाही.

गेटवर जहूर भेटला. माझ्या अंगावर युनिफॉर्म होता. मी "जहूर" म्हणालो. तो थांबला, आजूबाजूला बघून म्हणाला, "बॉस, प्लीज. आपण कझिन नाही. ओके? माझे डॅडी मारून टाकतील." आणि गेला. त्याचंही बरोबर आहे म्हणा.

मंगळवार, २७ मार्च

वर्कशॉप. मंगळवारची दुपार. कॉम्प्रेसरच्या आवाजात चेंडूवर चेंडू आपटल्याचा टक् आवाज येतो असं वाटत होतं. येत नव्हता.

शुक्रवार, ३० मार्च

गेल्या शुक्रवारी कुणी बोर्ड काढलाच नाही, आज काढणार. शुक्रवार म्हणजे कॅरम, आणि कॅरम म्हणजे डबा. रिकामा डबा मी त्या मंगळवारीच कचऱ्यात टाकलेला. आज नवा आणून गुपचूप ठेवावा म्हणून निघालो, तर वाटेत दोन टॅक्सीवाल्यांचं भांडण लागलं होतं. ते बघत थांबलो आणि दुकान नमाजासाठी बंद झालं.

परत आलो तर बोर्ड मांडलेला. बाजीराव बसलेले. "पावडर कुठाय रं?" ते म्हणाले. मी डायरी शोधायला लागलो, मोजे शोधायला लागलो.

दाजींनी उशीखालून नवा डबा काढला. झाकण उघडलं आणि माझ्यापुढे ठेवला.

"टाक."

मी डबा उलटा केला. भसकन जास्त पडली. बाजीराव ओरडले, "आरं, पिठलं करतोस काय!"

दाजींनी जास्तीची पावडर तळहाताने गोळा केली, डब्यात परत घातली. बोर्डाकडे बघत म्हणाले, "चिमूटभर पुरती. आन् इथंच टाकायची असती ही."

बाजीराव हसले. त्यांना वाटलं मला शिकवतायत. मी स्ट्रायकर धरून बसलो. शेवटी दाजीच म्हणाले, "खेळ की, लेका." मी मारला. स्ट्रायकरच भोकात गेला.

म्हणजे शिडीवरून उतरून दोन बोटं चोळली तेव्हाच ओळखलं त्यांनी. मी वाट बघतोय की ते शिव्या देतील. देत नाहीत. जेवताना भाकरीचा पापुद्रा माझ्या ताटात टाकला, नेहमी टाकतात तसा.

शुक्रवार, ६ एप्रिल

बाजीरावांच्या गावचा माणूस उद्या सुट्टीवर निघाला. कॅसेट द्यायची आहे.

जेवण झाल्यावर दाजींनी ट्रंक उघडली. कोरी कॅसेट काढली, खालून ते निळं कापडही काढलं, पिवळ्या फुलांचं. कापडाने कॅरम बोर्ड झाकला, चारी टोकं खाली खोचली. नीट बसलं. मग टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्या बारीला तू बोल. तुझी बहीण हाय."

"काय बोलू?"

"तिचं हिकडं यायचं न्हाई झालं म्हणून सांग तिला. का ते पण सांग."

त्यांनी लाल बटण दाबलं आणि भिंतीला टेकून बसले.

मी म्हणालो, "अक्का, मी महिपती." मग म्हणालो, इथं आता ऊन वाढलं. वाढलं म्हणजे नळाला गरम पाणी येतं. मग नळावरून बाजीरावांची गोष्ट आठवली, ते घोरतात ती. मग पोपट. पोपट बोललाच नाही, अक्का, पाऊण तास थांबलो मी. तुरेवाली कोंबडी अजून अंडी देते का? आणि बंदरावर लाकडी जहाजं आहेत, एवढाली, त्यांना खिळे कसे मारत असतील. मी बोलतच गेलो. दाजी ऐकत होते. मला दिसत होतं मी कुठून कुठं चाललोय, पण वळता येत नव्हतं. टक् झालं. टेप संपली.

"आलंच न्हाई त्यात," दाजी म्हणाले.

"नाही."

मला वाटलं आता तरी रागावतील. त्यांनी कॅसेट काढली, पालटली, पुन्हा आत घातली. "दुसरी बाजू कोरी हाय," म्हणाले. बटण दाबलं. "मी च्या टाकतो. मी हितं बसल्यावर तुला बोलवत नसंल."

ते बाहेर गेले. दार लोटून घेतलं, पण लागत नाही ते नीट.

चाकं फिरत होती. मी "अक्का" म्हणालो. मग काही नाही. तोंड उघडं होतं. बाहेर दाजींनी स्टोव्हला पंप मारला. पिन केली. स्टोव्ह भरकन पेटला. कपबश्या वाजल्या. साखरेच्या डब्याचं झाकण. मी ते सगळं ऐकत बसलो आणि टेपही ऐकत बसली.

कॅसेट आता पाकिटात आहे, उद्या जाईल. मी ती थांबवली नाही आणि पुसलीही नाही. अक्का पोरीला मांडीवर घेऊन दुसरी बाजू लावेल. तिला माझी एक हाक ऐकू येईल, मग स्टोव्ह, मग कपबश्या. आणि अगदी शेवटी, दाराच्या फटीतून, दाजींचा आवाज: "झालं का रं सांगून?"